तिसरं पान

…शंभर टक्के. उजव्या कोपऱ्यात खाली एवढासा आकडा, आणि वर पाच ओळी — अख्ख्या पानावर फक्त पाच ओळी, एकेक अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं — आणि त्यांतल्या तिसऱ्या ओळीखाली रेघ. पुस्तकं वाचायची पाटी बिघडली, असंच त्याला आधी वाटलं. काल आपण बारा टक्क्यांवर ठेवली होती, पुस्तक वेगळं होतं, अक्षर बारीक होतं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पाटी, असं खिडकीशी उभं राहून त्याने ती ओळ वाचली. ‘सिग्नलवाल्याची मुलगी त्या वर्षी आली नाही, आणि त्यानंतरही कधी आली नाही.’ मग पुन्हा वाचली. चहाने जीभ भाजली हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

कारण मुलगी आली होती. नऊ वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत बसून त्याने बायकोला हे पुस्तक वाचून दाखवलं होतं, तेव्हा मुलगी शेवटच्या गाडीने आली होती, हातात पत्र्याची पेटी, अंगात बापाचा जुना कोट, आणि सिग्नलवाल्याने हातातला कंदील खाली ठेवायचंही भान न राहून तिला तसंच जवळ घेतलं होतं. बायकोने डोळे पुसले होते. छान झालं हो, म्हणाली होती. त्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं नव्हतं, वाळवीने खाल्लेलं नव्हतं. होतं. मी ते पाहिलं, मनातल्या मनात वाचलं, आणि तोंडाने दुसरंच बोललो — सरळ, न अडखळता, जसं काही छापलेलंच आहे.

आत नळ चालू होता. बायको भांडी विसळत होती आणि काहीतरी गुणगुणत होती, रोजच्यासारखंच.

पाटी हे नाव त्याचंच. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलीने परगावाहून येताना ती आणली, तेव्हा तिचं खरं नाव, कंपनी, तिच्यात किती हजार पुस्तकं मावतात, हे सगळं तिने सांगितलं होतं आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. बाइंडरच्या घरी असलं यंत्र आणणं म्हणजे न्हाव्याला टक्कल पडायचं औषध भेट देण्यासारखं, असं तो म्हणाला, आणि दोघी हसल्या. चाळीस वर्षं त्याने पुस्तकं बांधली होती. पाटीत दोष काढायला त्याला वेळ लागला नाही. डाव्या हातात किती वाचलं आणि उजव्यात किती उरलं ते हाताला कळत नाही. वास नाही. कुणाला वाचायला द्यायची तर सगळं कपाटच उचलून दिल्यासारखं होतं. बॅटरी उतरली की रामायण काय आणि रेल्वेचं वेळापत्रक काय, सारखंच. आणि एक दोष तो कुणाला बोलला नाही : हिच्यात काही ठेवता येत नाही. पुस्तकात माणूस काहीबाही ठेवतो, पान, पावती, फोटो… आणि पुठ्ठ्याच्या आत, अस्तराच्या कागदाखाली तर…

पण गुणही होतेच. धूळ नव्हती, जुन्या पुस्तकांच्या धुळीने त्याला दमा जडला होता, आणि पाटी घेऊन झोपलं की छाती वाजत नसे. हलकी होती. शिवाय पहिल्याच दिवशी बोट इकडेतिकडे लागता लागता त्याला एक गोष्ट सापडली होती. अक्षर मोठं होत होतं. आणखी मोठं. आणखी. शेवटी पानावर पाचच ओळी उरल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरातले तारखांचे आकडे बायकोला दिसत, हे त्याला ठाऊक होतं; ही अक्षरं तेवढी होती. तो त्या पाच ओळींकडे बघत राहिला, आत ती कपडे घड्या करत होती, तिला हाक मारायला तोंड उघडलंही होतं… आणि त्याने अक्षर पुन्हा बारीक केलं. तुला नाही हो जमायचं हे, असं संध्याकाळी तिला म्हणाला. ती बरं म्हणाली.

का केलं मी तसं? हा प्रश्न त्याने आठ महिन्यांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता. आज विचारला, आणि उत्तर इतक्या चटकन आलं की त्याला स्वतःचीच किळस आली. तिचे डोळे मीच राहावं म्हणून.

वीस वर्षांपूर्वी तिची नजर जायला लागली, तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिला वाचून दाखवत होता. वाचनालयाची मोडकी पुस्तकं त्याच्याकडे बांधायला येत. बांधून परत द्यायच्या आधी आठ-दहा दिवस तो ती घरी आणी. कणा तुटलेली, कोपरे झिजलेली पुस्तकं, आणि पुष्कळदा शेवटचा फर्मा गळालेला, म्हणजे शेवटची सोळा पानं एकगठ्ठा गायब. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो खरोखर अडला होता. ती हनुवटी गुडघ्यांवर टेकून बसली होती, पुढे काय, म्हणून. पुढे काही नव्हतं, नुसता दोरा लोंबत होता. मग त्याने पुढचं केलं. नायक वाचला, घर विकलं गेलं नाही, सासू सुधारली. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तिचा चेहरा असा काही उजळला, की त्यानंतर फर्मा असला काय आणि नसला काय, शेवट तोच करू लागला. मरणारे मरेनासे झाले. गेलेले परत येऊ लागले. एवढं काय त्यात, त्याला वाटे, सुतार नाही का खुर्चीचा मोडका पाय बदलत.

त्याने पाटीवरची यादी उघडली. गेल्या महिन्यात उघडलेली पुस्तकं : सात. सातही त्याने वाचून दाखवलेली. सातही शंभर टक्के. एकेक उघडून तो शेवटाकडे गेला, आणि प्रत्येक ठिकाणी एक-एक रेघ होती, अचूक तिथेच, जिथे त्याने छापील वाट सोडून आपली धरली होती, एक वाक्य अलीकडे नाही की पलीकडे नाही. म्हणजे तिला सगळं शब्दशः आठवत होतं. त्याला स्वतःला आठवत नव्हतं इतकं. मुलगी मागच्या महिन्यात चार दिवस राहून गेली, तेव्हा आतल्या खोलीत दोघींचं काय खुसुखुसू चाललं होतं ते त्याला आत्ता कळलं.

त्याने पाटी होती तशी ठेवली. बायकोने त्याच्या हातात डब्याची पिशवी दिली. तिची नजर नेहमीप्रमाणे त्याच्या कानाच्या जरा बाजूला, जिथून आवाज येईल असं तिला वाटे तिथे. संध्याकाळी लवकर या म्हणाली. हे ती रोज म्हणत असे. आज ते वाक्य जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्याच्या मागे आलं.

दुकानात एका जाड पुस्तकाची पानं लावायची होती. शिवण घालण्याआधी पानं लावून घ्यायची, म्हणजे आकडा पाहत एकेक फर्मा क्रमाने ठेवायचा, कुठे उडी नाही ना ते बघायचं. ह्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि तो त्याने हाताखालच्या प्रत्येकाला कान धरून शिकवला होता. एक ते सोळा. सतरा ते बत्तीस. हात चालत होते. पुस्तकांचं काय घेऊन बसलास, तो स्वतःला सांगत होता, गोष्टीच त्या, खोट्याला खोटं जोडलं. हसून सोडून देईल ती. तेहतीस ते अठ्ठेचाळीस… पण गोष्टींपाशी ते थांबलं नव्हतं, आणि हे त्याला सकाळपासून, जीभ भाजल्यापासून, ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे पालथं पडून राहायचं, मान खाली, दगदग नाही, प्रवास तर नाहीच, नाहीतर उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. चौथ्या दिवशी तिच्या ताईचं पत्र आलं. ताई शाळेत शिकवत असे. ताठ अक्षर, कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, वर पानाचा आकडा गोल करून. चार पानं. तो पलंगाशी बसून वाचू लागला. पहिलं पान, दुसरं पान, बागेतला पेरू, शेजाऱ्यांचं भांडण… आणि तिसऱ्या पानावर त्याची नजर आवाजाच्या आधी खाली उतरली. ‘डॉक्टरांनी हात टेकले आहेत. एकदा येऊन जा. उशीर करू नकोस. तू उशाशी बसलीस की मला बाकी काही नको.’

त्याने ते पान मागे सारलं आणि चौथं वाचलं. मध्ये चार शब्द स्वतःचे घातले. माझी काळजी करू नकोस. किती सोपं गेलं ते. इतक्या वर्षांचा सराव होता.

एकोणिसाव्या दिवशी ताई गेली.

डोळ्यासाठी केलं. हे खरं होतं, अगदी खरं होतं, आणि एक डोळा थोडा वाचलाही. पण डोळा बरा झाल्यावर? महिन्याने, वर्षाने? तेव्हा का नाही सांगितलं? तेव्हा तिचं एक वाक्य तयार झालं होतं, आणि ते ऐकलं की त्याचा धीर खचे. ताईने मला एका शब्दाने कळवलं नाही. भिंतीवरचा ताईचा फोटो तिने स्वतःच्या हाताने काढून ट्रंकेत टाकला. भाजी निवडताना, केस विंचरताना, मध्येच, कुठूनही ती म्हणे, एका शब्दाने कळवलं नाही हो. आणि तो मूग गिळून गप्प. मेलेल्या बाईवर आळ येत राहिला, आणि मी तो येऊ दिला… ताईने मला किती वेळा जेवू घातलं होतं.

ते पान त्याने जाळलं नव्हतं. लिहिलेला कागद जाळायला बाइंडरचा हात उठत नाही. घरातल्या जाड शब्दकोशाचं मागचं अस्तर सोडवून त्याने ते पुठ्ठ्यावर ठेवलं, वर खळ लावून अस्तर पुन्हा चिकटवलं. पण घाईत, तिची चाहूल लागली म्हणून, दाब न देता. तिथे पुठ्ठा किंचित फुगला. चाळीस वर्षांतलं त्याचं ते सगळ्यात वाईट काम, आणि ते घरातच, फळीवर होतं. उरलेली पानं, एक, दोन आणि चार, त्याने पत्रांच्या डब्यात नीट ठेवून दिली होती. एक, दोन, चार. पानं लावून घ्यायला त्याने जन्मभर लोकांना शिकवलं, आणि स्वतः… तिला दिसत नव्हतं, म्हणून त्याला वाटलं, आकडेही कुणाला दिसत नाहीत.

दुपारी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, दमा कसा आहे, पाटी चालते ना. मग ती म्हणाली, “बाबा, आईला मावशीची पत्रं मिळाली का? तिने सांगितलं म्हणून मी मागच्या खेपेला सगळ्या पत्रांचे फोटो काढून आणले होते. टाईप करून मागच्या आठवड्यात घातली पाटीत.”

त्याने हो म्हटलं की नुसता हुंकार दिला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

“एका पत्राचं तीन नंबरचं पान नाहीये. मी म्हटलं, हरवलं असेल. तर आई म्हणाली, हरवलं नाही. बाबांकडे आहे.”

पुढे ती बरंच काही बोलत होती. त्याला ते दूरवरून, भिंतीपलीकडून यावं तसं ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर तो कामाला लागला, खरोखरच लागला, खळ ढवळली, कापड कापलं, पुठ्ठा चढवला, आणि दाबात घालताना त्याच्या ध्यानात आलं की पुठ्ठा उलटा चढवला आहे. नाव खाली डोकं वर पाय. असं कधीही झालं नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि त्या उलट्या नावाकडे बघत राहिला. बाबांकडे आहे. कसं कळलं तिला? कधी?

घरी चालत जाताना एक भलतीच गोष्ट झाली. त्याच्या डोक्यात तिसरं पान तयार होऊ लागलं. वेगळंच. ताईच्याच वळणाचं, तिच्याच छोट्या छोट्या वाक्यांचं, दुसऱ्या पानाच्या शेवटच्या अर्ध्या वाक्याला जोडलेलं : म्हणून तुला आज मुद्दाम लिहिते आहे, की प्रकृती जरा कुरकुरते, पण तू येण्याची घाई करू नकोस, डोळा सांभाळ, मी कुठे पळून जात नाही. सांगता येईल की, हे पान वाचायचं राहिलं होतं, दोन पानं चिकटली होती, आज सापडलं. ताईवरचा आळही जाईल. माझ्यावरही येणार नाही. औषधांच्या दुकानापासून पुलापर्यंत तो एकेक शब्द पारखत गेला, आणि वाईट हे की ते फार छान जमलं. पुलावर तो मध्येच थांबला. ह्या वयात, ह्या घडीलासुद्धा, मला पहिलं सुचतं ते हे.

दार उघडंच होतं. दिवा लावलेला होता. त्याच्या खुर्चीत ती बसली होती, पाटी मांडीवर, आणि समोर टेबलावर शब्दकोश. फळीवरचा. पालथा ठेवलेला, मागचा पुठ्ठा वर.

तो तिच्या जागी, पलंगाच्या काठावर बसला.

“बसा,” तो बसल्यावर ती म्हणाली. “आज मी वाचते.”

ती वाचू लागली. फार हळू, एकेक शब्द बोटाने धरून, पाच ओळी झाल्या की कडेला टिचकी, पुन्हा पाच ओळी. तिचा वाचतानाचा आवाज त्याने वीस वर्षांत ऐकला नव्हता. तो शाळेतल्या मुलीचा होता, जोडाक्षराशी जरा थबकणारा. बागेतला पेरू आला. शेजाऱ्यांचं भांडण आलं, आणि त्यावर ती हसली, तिथे ताईने हसावं असंच लिहिलं होतं. तो हात मांड्यांमध्ये धरून ऐकत राहिला. वाचून घेणारा माणूस असा असतो तर. पुढचं दुसऱ्याच्या मुठीत.

“म्हणून तुला… आज… मुद्दाम… लिहिते आहे, की,” ती म्हणाली, आणि थांबली. पाटी मांडीवर पालथी ठेवली.

“इथे तुम्ही थांबला होतात. मी पालथी पडलेली, दिसत काहीच नव्हतं. पण कागद दोनदा वाजला.” मग पाटीवर हात ठेवत, “पाटीत एवढंच वाईट आहे. पान उलटल्याचं ऐकू येत नाही.”

बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुलूप खटकन बसलं. त्याला बोलायचं होतं, डोळ्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून… पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“मग तेव्हाच का नाही विचारलंस?”

“विचारत होते की,” ती म्हणाली. “अकरा वर्षं.”

आणि मग त्याला ते ऐकू आलं. भाजी निवडताना, केस विंचरताना, मध्येच, कुठूनही. ताईने मला एका शब्दाने कळवलं नाही. एका शब्दाने कळवलं नाही हो. ते ताईला नव्हतं. एकदाही नव्हतं. ताईचा फोटो काढून ट्रंकेत टाकताना ती जी पाठमोरी उभी राहिली होती, स्टुलावर, किती तरी वेळ, ती काहीतरी बोलण्याची वाट बघत उभी होती, आणि मी म्हणालो होतो, सांभाळून उतर.

“ते पान काढून कुणाकडून वाचून घेऊ?” ती म्हणाली, आता आवाज थोडा हलला. “धूळ पुसताना दर वेळी हाताला लागायचं. घरात वाचणारे तुम्हीच.”

पिशवीत त्याची सुरी होती, अस्तर सोडवायची, बोथट टोकाची. ती त्याने बाहेर काढली, शब्दकोश पुढे ओढला, आणि त्या फुगीर जागेवर हात ठेवला. सुरी लावायची गरज नव्हती. ते पान त्याला पाठ होतं. वाटेत रचलेलं दुसरंही पाठ होतं. दोन्ही तिसरी पानं अकरा वर्षांच्या अंतराने शेजारी शेजारी येऊन बसली होती, आणि ती वाट बघत होती, पाटी बाजूला सारून, पाय खुर्चीत वर घेऊन, हनुवटी गुडघ्यांवर टेकून, नजर त्याच्या कानाच्या जरा बाजूला, जिथून आवाज येईल तिथे.

छान झालं हो. सिग्नलवाल्याच्या मुलीच्या वेळी ती म्हणाली होती, डोळे पुसून. तेव्हाही तिला कळलं होतं का? मुलगी आली नाही, हे? मग ते छान कशाला म्हणाली — गोष्टीला, की मला, की मी खोटं बोलताना आवाज जो बदलतो, मऊ होतो, जो मला कधीच ऐकू आला नाही आणि तिला रोज संध्याकाळी ऐकू येत होता, त्याला? इतकी वर्षं कोण कुणाला वाचून दाखवत होतं…

त्याने सुरी अस्तराच्या कडेला लावली. कागद सुटताना बारीक आवाज झाला, आणि तिने डोळे मिटले. पहिला शब्द कसा म्हणायचा, कुठल्या आवाजात, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं.